अंगावर पिणारं मूल

न्यू जर्सीतल्या बर्गन काउंटीत एका सार्वजनिक वाचनालयाची स्थानिक इतिहासाची खोली मी सांभाळते. जुन्या घराण्यांची माणसं आपली मुळं शोधत तिथे येतात. त्या मंगळवारी सत्तरी उलटलेल्या एक बाई कागदांनी भरलेलं खोकं घेऊन आल्या. गेली अकरा वर्षं त्या एकाच बाईच्या मागावर होत्या. नऊ पिढ्यांपूर्वीची आजी, मार्गारेट. हाताशी होता तो फक्त तिच्या नवऱ्याच्या 1731 च्या मृत्युपत्राचा छापील सारांश. त्यात तिच्याबद्दल दोनच शब्द होते, "पत्नी मार्गारेट".

मी म्हटलं, "मार्गारेट हे नाव आज बाजूला ठेवू या."

कारण ही माणसं डच होती. इंग्रजांनी 1664 मध्ये हा मुलूख डचांकडून घेतला, तरी हॅकेन्सॅकला 1686 मध्ये स्थापन झालेलं चर्च पुढे कित्येक वर्षं आपल्या नोंदी डचमध्येच करत राहिलं. मार्गारेट तिथे ग्रीत्ये असते, कॅथरीन असते त्रैंत्ये. मृत्युपत्र लिहिणाऱ्या इंग्रजी लेखनिकाने आपल्या सवयीने ग्रीत्येची मार्गारेट केली, की पुढच्या शोधणाऱ्याची वाट तिथेच बंद होते.

बाप्तिस्म्याच्या वहीत नवऱ्याचं नाव लगेच मिळालं. 1688, दुसरा मुलगा. आईच्या रकान्यात होतं "ग्रीत्ये यान्स" (नावं मी इथे बदलली आहेत). यान्स म्हणजे यानची. आडनाव नाही, बापाचं नाव. हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही, वाईत बापाचं नाव जोडूनच मी लहानाची मोठी झाले. पण एका गोष्टीने दर वेळी माझा हात थबकतो. डच वहीत लग्नानंतरही बाई आपल्या बापाच्याच नावाने लिहिलेली असते. माझ्या आजीचं नाव लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहून बदललं. आमच्या घरच्या वंशावळीत सात पिढ्यांचे पुरुष आहेत. आजीचं माहेरचं नाव त्यात नाही, आणि सासरचंही नाही.

दुसऱ्या मुलाचं नाव यान ठेवलं होतं. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव आणि दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, असा डच घरांचा रिवाज होता. साक्षीदारांच्या रकान्यात एक यान पीटरसन होता. हाच आजोबा असणार, असं बाई म्हणाल्या. मी थांबवलं. त्या काळात यान पीटरसन किती असतील याला गणती नाही. पीटरच्या कुठल्याही मुलाचं नाव यान असू शकतं.

मग लग्नाची नोंद काढली. डच पाद्री वधूवरांचं जन्मगाव लिहीत, आणि आमचं नशीब की इथेही लिहिलं होतं. मुलगी नैकेर्कची, म्हणजे गेल्डरलँड प्रांतातली. ती इथे जन्मलेलीच नव्हती. म्हणजे जहाजाने आली, आणि 1664 च्या आधी आली असेल तर ही वसाहत चालवणाऱ्या डच वेस्ट इंडिया कंपनीच्या हिशेबात ती असायला हवी. त्या वर्षांच्या प्रवाशांची जी यादी आज आपल्याकडे आहे, ती मुळात भाड्याच्या उधारीची नोंद आहे. म्हणून तिच्यात मुलांची वयं असतात, बायकामुलांची नावं बहुधा नसतात.

1663 साल, जहाज "बोंटे कू", म्हणजे ठिपक्यांची गाय. यादीवरून बोट खाली सरकवत गेले. यान पीटरसन, नैकेर्कचा. बायको. मुलगा, चार वर्षांचा. आणि एक अंगावर पिणारं मूल.

ओळ मी मोठ्याने वाचली. बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, "हीच का ती?" वय जुळतं, गाव जुळतं, साक्षीदार जुळतो. पण बाळाचं नाव नाही, म्हणून मी "बहुधा" हा शब्द सोडला नाही. त्यांनी तो आपल्या तक्त्यात पेन्सिलीने लिहून घेतला. मला ते फार आवडलं.

दुपारी त्यांना निघायचं होतं. पण छापील सारांशावर कधीच थांबू नये, असं माझं ठाम मत आहे, म्हणून ट्रेन्टनच्या राज्य अभिलेखागारातून आलेली मूळ मृत्युपत्राची प्रत आम्ही उघडली. जमीन थोरल्याला. मार्गारेटला पलंग, अंथरूण आणि दुभती गाय. त्याच्या पुढच्याच ओळीत, घोड्यांच्या आधी, "बेट नावाची निग्रो बाई" थोरल्या मुलाला. सारांश करणाऱ्याने ही ओळ गाळली होती.

वसाहतकाळात न्यू जर्सीतल्या ज्या काउंट्यांत सर्वाधिक गुलाम होते त्यांपैकी ही एक, आणि ते याच डच शेतांवर राबत होते. मला हे माहीत होतं, त्यांना नव्हतं. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे गुलाम नव्हते असं वडील सांगायचे." नंतर विचारलं, "हिच्या बापाचं नाव?"

नव्हतं. गावही नव्हतं. ज्या जहाजाने तिला किंवा तिच्या आईला आणलं असेल त्याच्या हिशेबात माणसांची नुसती संख्या असायची.

"मग हिला कुठे शोधायचं?" त्यांनी खोकं परत टेबलावर ठेवलं. ज्यांनी मालक म्हणवून घेतलं त्यांच्याच कागदांत, मी सांगितलं. थोरल्या मुलाचं मृत्युपत्र, त्याच्या मालमत्तेची यादी, शेजाऱ्यांच्या याद्या. खोली बंद व्हायच्या वेळेपर्यंत आम्ही तीन शेजाऱ्यांच्या याद्या पाहिल्या. दोघांच्या यादीत गुलाम होते, बेट कुठेच नव्हती.

थोरल्याची यादी मागवली आहे. पुढच्या मंगळवारी त्या परत येणार आहेत.