अर्पणाची वही

चर्चमधली उपासना संपली की मी आणि एक मावशी मागच्या खोलीत अर्पणाची थैली रिकामी करतो. एकट्याने मोजायचं नाही, हा चर्चचा कारभार पाहणाऱ्या आमच्या पंचकमिटीचा नियम. कापणीच्या सणाला आलेल्या ज्वारीच्या लिलावाचे पैसेसुद्धा वहीत, खाली दोघांच्या सह्या.

नगर जिल्ह्यातली आमची मंडळी, म्हणजे चर्चच्या सभासदांचा समूह, अमेरिकन मराठी मिशन या जुन्या मिशनरी संस्थेच्या वळणाची, सभासदांच्या शब्दाला मान देणारी. १९७० साली नागपुरात वेगवेगळ्या चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, वर बिशप आले, पाळकांच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, नेमणुका डायोसिसकडे, म्हणजे बिशपच्या विभागाकडे गेल्या. पण वार्षिक सभेत आजही कुणीही उठून हिशोब विचारतं, आणि तो द्यावाच लागतो. मला हे फार मोलाचं वाटतं.

अवघड असतं ते माणसांचं. बांधावरून दोन सख्खे भाऊ बोलेनासे झाले. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायाप्रमाणे आधी समजूत घालायला एकट्याने जायचं, मग दोघा-तिघांनी, आणि अगदी शेवटी मंडळीपुढे. पाळकसाहेब एकटे जाऊन आले. नंतर आम्ही तिघं गेलो. थोरल्याने चहा दिला, भावाचं नावही घेतलं नाही.

गेल्या रविवारी धाकटा मागच्या बाकावर येऊन बसला. प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घ्यायला, मात्र उठला नाही. उद्या संध्याकाळी आम्ही पुन्हा जाणार आहोत.