मतदार कोण आणि उमेदवार कोण

पुणे कराराचा विषय निघाला की स्वतंत्र मतदारसंघांचा प्रश्न १९३२ साली येरवड्यात कायमचा मिटला, असे आपण धरून चालतो. न्यूझीलंडमध्ये मात्र माओरींचे, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचे, स्वतंत्र मतदारसंघ १८६७ पासून आजतागायत चालू आहेत, हे मला बरेच उशिरा कळले. आपल्याकडच्या राखीव मतदारसंघात उमेदवार ठरावीक समाजाचा लागतो आणि मत सगळेच देतात. तिथे माओरी मतदारयादीतले लोकच मत देतात आणि उमेदवार, १९६७ पासून, कोणीही असू शकतो.

ही सोय निव्वळ औदार्यातून झाली नव्हती. मताचा हक्क तेव्हा मालमत्तेवर ठरत असे आणि माओरींची जमीन बहुतांशी सामाईक असल्याने फार थोडे जण त्या अटीत बसत. म्हणून अट काढून चार जागा दिल्या गेल्या, त्याही पाच वर्षांच्या मुदतीने (आपल्या राखीव जागांच्या दहा वर्षांच्या मुदतीची आठवण होतेच), आणि लोकसंख्येच्या हिशेबाने त्या तिपटीहून अधिक हव्या होत्या. गोऱ्या मतदारांना १८७० मध्ये गुप्त मतदान मिळाले. माओरी मतदार मात्र १९३७ चा कायदा होईपर्यंत अधिकाऱ्यासमोर उभा राहून उमेदवाराचे नाव तोंडाने सांगत असे, आणि ते अधिकारी लिहून घेत असे. भोवतालचे कान उघडे असताना सांगितलेल्या अशा मताला मोकळे मत म्हणणे मला जड जाते.

खरा बदल १९९३ च्या कायद्याने झाला. सव्वाशे वर्षे चारवर गोठलेला आकडा माओरी यादीतल्या नोंदणीशी जोडला गेला, आणि २००२ पर्यंत जागा सात झाल्या. १९८६ मध्ये एका शाही आयोगाने पक्षांना मतांच्या प्रमाणात जागा देणारी प्रमाणशीर पद्धत आणून या जागा रद्द कराव्यात असे सुचवले होते. पद्धत आली, पण माओरींच्या आग्रहामुळे जागाही टिकल्या.

उमेदवाराला बहुसंख्याकांच्या मर्जीवर निवडून यावे लागले, तर तो आपल्या समाजाचा प्रतिनिधी कितपत राहतो, हा सगळ्यांनी मिळून मत देण्याच्या पद्धतीवर आंबेडकरांचा आक्षेप होता. २०२३ मध्ये हौराकी-वायकाटो मतदारसंघात एकविशीतल्या हाना-राविती माइपी-क्लार्क यांनी १९९६ पासून खासदार असलेल्या, मंत्रिपद भूषवलेल्या ननाया माहुता यांना हरवले. दोघीही माओरी होत्या, आणि त्यांच्यातला निवाडा माओरी मतदारांनीच केला.