उन्हाआधीचा धंदा

छत्रपती संभाजीनगरच्या सिडको भागात लोकांची कुत्री फिरवायला नेण्याचा व्यवसाय मी सुरू करतो आहे, हे ऐकून वडिलांनी विचारले होते, "गावाकडं कुत्रं आपलं आपण फिरून येतंय, त्याला माणूस कशाला लागतोय?" त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. आमच्या शेतातल्या आखाड्यावरचे कुत्रे रात्रभर राखण करी आणि दुपारी कडब्याच्या गंजीच्या सावलीला पडून राही. शहरात तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या लॅब्रॅडॉरला ही मुभा नसते.

भांडवल फारसे लागले नाही. मजबूत पट्टे, कुत्र्याच्या छातीभोवती बांधायचे दोन हार्नेस, पाण्याची बाटली, वाटी आणि विष्ठा उचलायच्या पिशव्या एवढ्यावर भागले. खरे भांडवल म्हणजे वेळ, आणि मराठवाड्यात तो उन्हाच्या हाती असतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. ते मुख्यतः धापा टाकून शरीर थंड ठेवते, आणि पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला तेही नीट साधत नाही. त्यात डांबर हवेपेक्षा कितीतरी अधिक तापते. म्हणून निघण्यापूर्वी मी पालथा हात सात सेकंद रस्त्यावर टेकवून पाहतो. हात मागे घ्यावासा वाटला, तर कुत्रा घरातच राहतो.

एप्रिल-मेमध्ये सकाळचे साडेपाच ते आठ एवढाच वेळ हाती उरतो. प्रत्येक कुत्र्याला अर्धा तास आणि एका घरून दुसऱ्या घरी जायला दहा मिनिटे धरली, तर चारच कुत्री होतात. हा हिशेब न करता मी सुरुवातीला एका कुत्र्यामागे महिन्याला ६०० रुपये सांगून बसलो होतो, म्हणजे रोजची अख्खी सकाळ घालवून महिन्याचे २,४०० रुपये! आता १,५०० घेतो आणि घासाघीस करीत नाही. दोन घरांची कुत्री एकत्र नेऊन वेळ वाचवण्याचा मोहही मला झाला होता, पण ती एकमेकांवर गुरगुरू लागली आणि समोरून गल्लीतल्या मोकाट कुत्र्यांची टोळी आली, तेव्हा दोन्ही हातांत दोन दिशांना ओढणारे पट्टे धरून मी जो उभा राहिलो, ते पुन्हा नको. अशा वेळी पळणे हा सर्वांत वाईट उपाय असतो. थांबायचे, पट्टा आखूड धरायचा आणि सावकाश दुसऱ्या गल्लीने निघायचे.

नवे कुत्रे घेण्यापूर्वी मी लसीकरणाचे कार्ड मागतो आणि रेबीजची लस वेळेवर दिली आहे की नाही ते तपासतो. काही मालकांना याचा राग येतो. मी स्वतःही रेबीजची प्रतिबंधक लस आधीच घेतली आहे. तरीही चावा बसला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन दवाखाना गाठावाच लागतो, कारण रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही.

मागच्या मे महिन्यात एका काकू म्हणाल्या, "आम्ही उशिरा उठतो, नऊला येत जा, ५०० जास्त देईन." मी नकार दिला. दोन दिवस त्यांनी फोन घेतला नाही आणि तिसऱ्या दिवशी विचारले, रात्री आठला चालेल का? आठला डांबर कोमट असते, पण पालथा हात टेकवता येतो.