पिस्तूल खाली ठेवायला शिकताना

गेल्या शनिवारी इथे जर्मनीत आमच्या नेमबाजी क्लबात एका जुन्या सभासदाला दिवसापुरतं घरी पाठवलं. माणूस सत्तरीचा, भिंतीवर त्याच्या नावाच्या ढाली लावलेल्या. शेजारच्या लेनमधल्या मित्राने हाक मारली म्हणून तो बोलायला वळला, आणि त्याच्याबरोबर हातातलं पिस्तूलही वळलं. गोळी भरलेली नव्हती. तरी देखरेखीवरच्या बाईंनी लगेच सगळ्यांना थांबवलं, प्रत्येकाचं पिस्तूल रिकामं करून टेबलावर ठेवायला लावलं आणि त्याला म्हणाल्या, "आज पुरे. पुढच्या शनिवारी ये." त्याने माफी मागितली, पिस्तूल पेटीत बंद केलं आणि गेला. "मला शिकवतेस का?" नाही, की "कधीपासून इथे येतोय माहीत आहे का?" नाही. थोड्या वेळात चांदमारी पुन्हा सुरू.

तेव्हापासून हे लिहायचं मनात घोळतंय.

बंदूक म्हणजे काय हे ग्वाल्हेरच्या माणसाला वेगळं सांगायला नको. बँकेच्या दारातला दुनाळीवाला गार्ड, खांद्याला बंदूक अडकवून महाराज बाड्याच्या बाजारात खरेदीला आलेली गावाकडची माणसं, निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायची धावपळ, हे बघतच आपण मोठे झालो. शहराच्या लष्कर भागातल्या आमच्या घरी दसऱ्याला आजोबांची दुनाळी पाटावर यायची. तिला हळदकुंकू, झेंडूची फुलं, आपट्याची पानं. आम्ही मुलं हात जोडायचो. पण तिला हात लावायची मुभा फक्त काकांना आणि दादाला. आई त्या घरात जन्मभर राहिली, तिला ती उघडते कशी हेसुद्धा कुणी दाखवलं नाही.

आणि लग्नातला गोळीबार. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आनंदाच्या भरात जीव धोक्यात घालणारा गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, असं शस्त्र कायद्यात स्पष्ट आलं. पण वरातीत एखाद्या मानाच्या पाहुण्याने बंदूक वर केली की त्याला "आता पुरे" म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. एकदा उचललेली बंदूक वाजवलीच पाहिजे, नाहीतर इभ्रत जाते. ही समजूत मीही नकळत बरोबर घेऊन आले होते.

इथे बव्हेरियात जवळजवळ प्रत्येक गावाला नेमबाजीचा क्लब असतो. आमचा म्यूनिकच्या उत्तरेला, शेतांच्या कडेला. ऑफिसातल्या मैत्रिणीने आग्रह केला म्हणून गेले. पहिल्या दिवशी तळहात इतके घामेजलेले की मूठ सरकत होती. भीती नेमकी कशाची ते सांगता येत नव्हतं. नेम चुकेल याची नव्हती. आपल्या हातून काहीतरी भयंकर होईल याची होती.

ती भीती कुणी "घाबरू नकोस" म्हणून घालवली नाही. बाईंनी आधी नियम दिले आणि ते अंगवळणी पडेपर्यंत दुसरं काही दिलंच नाही. पिस्तूल नेहमी भरलेलंच आहे असं धरायचं. नळीचं तोंड फक्त लक्ष्याकडे. नेम धरेपर्यंत बोट चापाच्या बाहेर. लक्ष्यामागे काय आहे ते माहीत हवं. खाली ठेवताना नळीत रंगीत दोरी, म्हणजे लांबूनही कळतं की रिकामं आहे. हे सगळं हात आपोआप करायला लागला, तसा घाम थांबला. भयंकर काही घडायला एकाच वेळी किती नियम मोडावे लागतील हे तोवर कळलं होतं.

सुरुवात दहा मीटरच्या एअर पिस्तुलाने. आवाज किरकोळ, धक्का जवळजवळ नाही. एका हाताने धरायचं, दुसरा हात खिशात. कागदावरचा दहा गुणांचा गोल फक्त ११.५ मिलिमीटरचा. तो बघूनच धीर सुटतो, म्हणून बाईंनी कागद उलटा लावला. समोर कोरा पांढरा चौकोन. गुण नाहीत, गोल नाही. बघायची ती फक्त माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण. ती मागच्या खाचेच्या बरोब्बर मधे आणि स्वच्छ दिसली पाहिजे, पलीकडचं लक्ष्य अंधुक दिसलं तरी चालेल. चाप ओढायचा नाही, दाबत न्यायचा. माधव संगीत महाविद्यालयात तंबोऱ्याच्या तारेवरून बोट कसं फिरवायचं ते शिकवलं होतं, तसंच हे, तारेला हिसका बसता कामा नये. छर्रा कधी सुटला ते आपल्यालाही जरा उशिराच कळायला हवं.

हात हलतो. माझाच नाही, सगळ्यांचाच हलतो. माशी स्थिर होण्याची वाट बघून ती स्थिर झालीसं वाटताच झटकन चाप ओढायचा, ही नवख्यांची खोड. हात थोडा हलणारच हे मान्य करून दाब चालू ठेवला, तर छर्रे आपसूक एका जागी जमायला लागतात. हे डोक्याला पटतं, बोटाला पटायला फार वेळ लागतो.

पण मला सगळ्यात अवघड गेलं ते वेगळंच. आठ-दहा सेकंदांत छर्रा सुटला नाही तर हात खाली घ्यायचा, श्वास घ्यायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. डोळा थकलेला असतो, खांदा थरथरायला लागतो, तरी मन म्हणतं, इतका वेळ धरलंय तर मारूनच टाक. बाई गुण लिहीत नसत, मी हात किती वेळा खाली घेतला ते लिहीत. एका संध्याकाळी वही माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "आज तू न झाडलेले सगळे चांगले होते." मला रडू आलं. कशाला नाही म्हणता येतं हे कळलं, तेव्हा कुठे आपल्या हातावर माझा विश्वास बसायला लागला.

पुढे पंचवीस मीटरवर पॉइंट टू-टू बोअरचं, म्हणजे खऱ्या काडतुसाचं पिस्तूल आलं, कानांवर आवाज अडवणारे मफ आले. आवाज आणि धक्का येणार म्हणून मनगट आधीच आवळतं, नळी खाली झुकते. त्यावर त्यांचा उपाय म्हणजे मॅगझिनमध्ये न सांगता एक खोटं काडतूस घालणं. ते आलं की आवाज होत नाही, आणि नळी झुकली तर लख्ख दिसते. झुकायची थांबेपर्यंत तेच.

ऑफिसात मी नेमबाजी शिकतेय म्हटलं की एक जण हटकून चंबळच्या डाकूंबद्दल विचारतो. मला ते झोंबतं. मी त्याला सांगते, आमच्याच मध्य प्रदेशातल्या महूला सैन्याच्या नेमबाजी युनिटमध्ये घडलेल्या विजय कुमारने २०१२ ला लंडनमध्ये पिस्तुलात रौप्य आणलं. मनू भाकरने २०२४ ला पॅरिसमध्ये दोन कांस्यं जिंकली. आणि कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१९ ला विश्वचषकाचं सुवर्ण घेतलं ते इथेच, म्यूनिकला. तिच्या तेव्हाच्या प्रशिक्षक मुंखबायर दोर्जसुरेन मूळच्या मंगोलियाच्या, पदक मात्र जर्मनीसाठीही जिंकलेल्या. म्हणजे शिस्त काही कुणाच्या रक्तात नसते.

जर्मनांच्याही नव्हती. २००९ मध्ये विनेंडनच्या शाळेत एका मुलाने गोळीबार केला, तो वडिलांनी झोपायच्या खोलीत उघडं ठेवलेलं पिस्तूल घेऊन. त्यानंतर शस्त्र कुलूपबंद आहे का हे बघायला अधिकारी न कळवता घरी येऊ शकतात. स्वतःचं पिस्तूल हवं तर आधी किमान बारा महिने क्लबात नियमित सराव, मग परीक्षा. मला हे जाचक वाटत नाही. आपल्याकडचा परवानाही सहज मिळतो असं नाही, पण मिळाल्यावर हातात धरायला शिकवतं कोण?

आई फोनवर म्हणते, "एवढं शिकायचंच होतं तर इथे काय कमी बंदुका होत्या?" बंदुका होत्या, पण मला कुणी दिली नसती. हे मी तिला ठामपणे सांगते, आणि त्यासाठी परदेशात येऊन राहिले याचं मला वाईट वाटत नाही.

आता दादाच्या मुलीला एअर पिस्तूल शिकायचंय. ४.५ मिलिमीटरच्या कमी ताकदीच्या एअर पिस्तुलाला आपल्याकडे परवाना लागत नाही आणि भोपाळला राज्याची नेमबाजी अकादमी आहे. दादा तयार आहे, वहिनी घाबरतेय. मी तिला एवढंच सांगितलंय की कोच निवडताना मुलं किती गुण मारतात ते बघू नकोस. रेंजवर तासभर बस, कुणी चुकीच्या दिशेला नळी फिरवली तर कोच काय करतो ते बघ, आणि मग पोरीचं नाव घाल. त्या दोघी पुढच्या आठवड्यात जाणार आहेत.