मांजरपाटाचा तुकडा आणि आमच्या मॅडम

आज मॅडमच्या शोकसभेला गेले होते. बोलणारे बहुतेक जण त्यांच्या फॅशन डिझायनिंगच्या दिवसांबद्दल बोलले. मला मात्र आठवत राहिल्या त्या सातवीच्या वर्गात गळ्यात मेजर टेप अडकवून भूमिती शिकवणाऱ्या मॅडम.

४५ अंशांचा कोन शिकवायला त्यांनी मांजरपाटाचा चौकोनी तुकडा आणला होता. उभ्या धाग्यावर ओढून पाहिला, ताणला नाही. आडवा ओढला, फारसा नाहीच. मग कोपऱ्यांना धरून तिरका ओढायला लावला, तर चक्क लांबला! हाच उरेब. १९२०च्या दशकात पॅरिसमध्ये मादलेन व्हिओने यांनी याच तिरक्या कापावर अंगाबरोबर वाहणारे पोशाख बेतले, हेही तेव्हाच कळलं. कर्ण मी कधीच विसरले नाही.

वहीत चूक दिसली की त्या लाल पेनाने काट मारत नसत. पेन्सिलीने हलकी खूण करायच्या, कच्च्या टाक्यासारखी, सहज उसवता येईल अशी. तेवढ्यानेच गणिताची भीती गेली माझी.

एवढं नाव कमावलेलं क्षेत्र सोडून त्या शाळेत आल्या, याबद्दल त्यांच्या तोंडून कधी अवाक्षर ऐकलं नाही. फार जीव लावला त्यांनी आम्हाला.