लेकीचे कुरळे केस

आज रविवार, लेकीच्या न्हाण्याचा दिवस. कोरड्या कुरळ्या केसांत कंगवा घातला की ते तुटतात, पिंजारतात. लहानपणी माझ्या केसांचं रोज तेच व्हायचं आणि मी रडायचे. म्हणून हिचा गुंता मी ओल्या केसांतच, कंडिशनर लावून, बोटांनी टोकांकडून वर सोडवत जाते. केसांना लावायच्या जेलसाठी पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात उकळले. तार धरली की गरम असतानाच गाळायचं, गार झालं की गाळणीतून उतरत नाही. ते जेल लावून केस खालून वर मुठीत दाबले, जुन्या सुती टी-शर्टने टिपले. टॉवेल नाहीच. वाळल्यावर कानामागची बट बोटाभोवती गुंडाळत म्हणाली, "आई, उद्या वेण्या नको ना." शाळेत दोन वेण्यांची सक्ती आहे. उद्या बाईंशी बोलणार आहे मी.