‘इतर’ नावाचं बटण

शिफ्टच्या रजिस्टरात आमच्या कारखान्यातल्या एका जुन्या लेथपुढे (धातूचा तुकडा फिरवून कापणारं मशीन) लिहिलं होतं: बंद वेळ 25 मिनिटं. त्याच शिफ्टमध्ये सेन्सरचा आकडा होता 97. पाळी 480 मिनिटांची. म्हणजे कागदावर मशीन जवळपास 95 टक्के वेळ चालू, आणि प्रत्यक्षात 80सुद्धा नाही.

‘इंडस्ट्री 4.0’ (मशीनं नेटवर्कला जोडलेला कारखाना) हा शब्द 2011 साली हॅनोव्हरच्या औद्योगिक मेळ्यात जगासमोर आला, तेव्हा आमची ही लेथ चांगली वयात आलेली होती. तिला नेटवर्कची केबल जोडायला जागाच नाही. मग आम्ही स्पिंडलच्या (तुकडा फिरवणाऱ्या भागाच्या) मोटरला जाणाऱ्या वायरीभोवती करंट मोजणारी क्लॅम्प अडकवली. करंट ठरावीक पातळीच्या वर गेला की मशीन चालू, खाली आला की बंद. आकडे एमक्यूटीटी नावाच्या, छोटे संदेश पाठवणाऱ्या प्रोटोकॉलने सर्व्हरवर जातात. (हा प्रोटोकॉल 1999 साली तेलाच्या पाइपलाइनींवर उपग्रहामार्फत नजर ठेवण्यासाठी तयार केला होता, त्यामुळे कमजोर नेटवर्कची त्याला सवय आहे. आमच्या शॉप फ्लोअरवर त्याचं बरं चाललंय.)

माझा पहिला संशय अर्थातच सेन्सरवर. सुरुवातीला तो खरंच चुकत होता. हलका फिनिशिंग कट चालू असला तरी ‘बंद’ म्हणायचा. स्टॉपवॉच घेऊन तासभर मशीनपाशी उभी राहिले, पातळी खाली आणली. 97 हा त्यानंतरचा आकडा.

आता पंचाईत. जपानी तज्ज्ञ नाकाजिमांच्या टीपीएम या देखभाल-पद्धतीतून आलेलं 85 टक्के ओईईचं (मशीनच्या एकूण कार्यक्षमतेचं) उद्दिष्ट आमच्या मीटिंगच्या भिंतीवर लावलेलं आहे. उपलब्धता, वेग आणि दर्जा यांचा तो गुणाकार. उपलब्धताच 80च्या खाली असेल, तर बाकी दोन्ही शंभर धरले तरी 85 गाठता येत नाही. आणि आम्ही कित्येक महिने 86 कळवत होतो. त्या मीटिंगबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

खोटं कुणी लिहिलं नव्हतं. बहुतेक थांबे मिनिटाच्या आतबाहेरचे होते, आणि चाळीस सेकंदांसाठी कोण पेन उचलतं?

कारण कळावं म्हणून मशीनपाशी टॅब्लेट लावला. मी टेबलावर बसून बारा कारणं काढली, बारा बटणं केली. आठवड्याने पाहिलं तर जवळपास सगळे थांबे ‘इतर’मध्ये. ऑपरेटर टाळाटाळ करतात, असं मी मनातल्या मनात ठरवूनही टाकलं. मग त्या लेथवरच्या काकांना विचारलं. सगळे त्यांना काकाच म्हणतात.

“मॅडम, आधी सांगा, हे बटण दाबलं की माझं नाव कुणाला दिसतं?”

दिसत होतं. मोठ्या स्क्रीनवर, मशीन नंबरच्या शेजारी. त्याच दिवशी काढलं. हे मला आधी सुचायला हवं होतं.

“आणि जे होतं ते तुमच्या यादीत आहे कुठे? चिप गुंडाळते जॉबला. दार उघडायचं, हुकाने ओढायची, दार लावायचं.”

लांब, दोऱ्यासारखी चिप, म्हणजे जॉबमधून (घडवायच्या तुकड्यातून) कापून निघणारी धातूची पट्टी. माझ्या यादीत ‘टूल मॅनेजमेंट’ होतं, चिप नव्हती. मी पॅनेलकडे पाहिलं, तर फीड ओव्हरराइडचा नॉब (कापणारं हत्यार किती वेगाने पुढे सरकतं ते कमी-जास्त करणारा) 80 टक्क्यांवर. पूर्वी एका जॉबच्या फिनिशबद्दल तक्रार आली होती म्हणून कुणीतरी तो खाली आणला होता. तो जॉब बंद झाला, नॉब तिथेच राहिला. फीड कमी म्हणजे चिप पातळ. पातळ चिप इन्सर्टवरच्या (हत्याराच्या बदलत्या पात्यावरच्या) चिपब्रेकरला नीट वळवता येत नाही, ती तुटत नाही, लांबत जाते. क्लॅम्पला करंट कळतो. नॉब कुठे आहे आणि का आहे, हे तिला जन्मात कळलं नसतं.

नॉब 100वर नेला, आताच्या जॉबची फिनिश तपासली, रफिंगचा इन्सर्ट बदलला. चिप आता तुकड्या-तुकड्यांनी पडते. कधीतरी अडकते अजून.

बटणांची नावं काकांनी आणि रात्रपाळीच्या ऑपरेटरने मिळून बदलली. आता सातच आहेत: ‘चिप अडकली’, ‘जॉब आला नाही’, ‘गेज शोधतोय’ अशी. काकांना आठवंही हवंय: ‘मागच्या पाळीने सेटिंग बिघडवलं’. रात्रपाळीवाला म्हणतो, मग नववं मी सांगतो. अजून टाकलेलं नाही.